जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला : खाणीत उतरून आजार पाहणारा डॉक्टर

घरात कोणाला चालताना धाप लागते म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात, की डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. खोकला किती दिवसांचा? बेडका पडतो का? ताप येतो का? विडी-सिगारेट ओढता का? यातला एक प्रश्न गर्दीत हमखास राहून जातो : तुम्ही काम कुठे करता, किंवा पूर्वी कुठे करत होता?

माझा दवाखाना चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आमच्या भागात कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत, इकडे त्यांना सगळे खदान म्हणतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत हा प्रश्न विसरलो आहे. एका निवृत्त कामगारावर मी दोन वर्षे नुसते दम्याचे पंप लिहून देत होतो. खदानीत दगडाला भोके पाडण्याचे, म्हणजे ड्रिलिंगचे काम त्यांनी बावीस वर्षे केले होते, हे मला त्यांच्या पत्नीने सहज बोलता बोलता सांगितले. त्यानंतर मी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आणि निदान बदलले. चूक माझी होती. प्रश्न विचारायला दोन मिनिटेसुद्धा लागली नसती.

म्हणून आज तुम्हाला अशा एका डॉक्टरची ओळख करून देतो, ज्याने हा प्रश्न जवळपास ५०० वर्षांपूर्वी विचारला, आणि उत्तर शोधायला स्वतः खाणीत उतरला. त्याचे नाव जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला. खनिजशास्त्राचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. पण पेशाने तो तुमच्या-माझ्या ओळखीचा, गावात दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर होता.

शेतकरी आडनावाचा मुलगा

अ‍ॅग्रिकोलाचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी आजच्या जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ग्लाउखाऊ या गावी झाला. त्याचे मूळ नाव गेओर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळी शिकलेली माणसे आपले नाव लॅटिनमध्ये फिरवून घेत. त्याप्रमाणे गेओर्गचा जॉर्जियस झाला आणि शेतकऱ्याचा अ‍ॅग्रिकोला.

लाइपझिगच्या विद्यापीठात त्याने आधी भाषा शिकल्या. मग झ्विकाऊ गावच्या शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवले, लॅटिन व्याकरणाचे एक पुस्तकही लिहिले. वैद्यकाकडे तो उशिराच वळला. त्यासाठी इटलीला गेला. व्हेनिसमध्ये एका मोठ्या छापखान्यात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ छापले जात होते, तिथे त्याने मजकूर तपासण्याचे काम केले. तेव्हाचे वैद्यक म्हणजे मुख्यतः जुनी पोथी नीट वाचणे. रोग्याच्या अंगावरचे वाचण्यापेक्षा गेलनने काय म्हटले, याला जास्त मान होता.

१५२७ मध्ये त्याला एका नव्या गावात नगरवैद्याची जागा मिळाली. त्या गावाने त्याचे आयुष्य बदलले.

चांदीचे गाव

सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवर एक डोंगररांग आहे. तिचे जर्मन नावच एर्झगेबिर्ग, म्हणजे खनिजांचा डोंगर. या डोंगरात १५१६ च्या सुमारास चांदी सापडली आणि रानातल्या एका दरीत योआखिमस्टाल हे गाव उभे राहिले. वीस वर्षांच्या आत तिथली वस्ती सुमारे १८ हजारांवर गेली. तिथे पाडलेल्या चांदीच्या नाण्याला गावावरून टालर म्हणू लागले. आजचा डॉलर हा शब्द त्या टालरवरूनच आला आहे.

या गावात अ‍ॅग्रिकोला औषधे देऊ लागला. त्याच्याकडे येणारे बहुतेक रोगी खाणीत किंवा भट्टीवर काम करणारे. कोणाचा शिडीवरून पडून पाय मोडलेला, कोणाचे हातपाय चिघळलेले, कोणाचे डोळे लाल, आणि कितीतरी जण धापा टाकत आलेले. गेलनच्या ग्रंथात या कामगारांबद्दल फारसे काही नव्हते.

सुरुवातीला तो खनिजांकडे औषध म्हणून पाहत होता. जुन्या ग्रंथांत सांगितलेली खनिज औषधे या डोंगरात सापडतील, असे त्याला वाटे. मोकळा वेळ मिळाला की तो खाणीवर जाई, भट्ट्या पाही, मुकादमांशी आणि जुन्या खाणकामगारांशी बोलत बसे. हळूहळू त्याचे लक्ष औषधी दगडांवरून दगड फोडणाऱ्या माणसांकडेही गेले. खाणीविषयीचे त्याचे पहिले पुस्तक १५३० मध्ये छापले गेले. ते एका जाणत्या खाणकामगाराशी झालेल्या संवादाच्या रूपात आहे. विद्यापीठात शिकलेला डॉक्टर खाणीत काम केलेल्या माणसाला गुरूच्या जागी बसवतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

जमिनीखाली त्याने काय पाहिले?

पुढे तो सॅक्सनीतच केम्निट्झ शहरात नगरवैद्य म्हणून गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. तिथे त्याने वीसेक वर्षे खपून आपला मोठा ग्रंथ लिहिला. धातूंविषयीच्या या लॅटिन ग्रंथाचे नाव दे रे मेटालिका. त्यात बारा भाग आणि तीनशेच्या आसपास लाकडी ठशांची चित्रे आहेत. आपण जे स्वतः पाहिले, वाचले किंवा खात्रीच्या माणसाकडून ऐकले तेवढेच लिहायचे, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता.

हा ग्रंथ वाचताना भूमिगत खाण केवढी अवाढव्य असते, हे कळते. वरून दिसते ते एक तोंड, एखादी झोपडी आणि चरखा. खाली उभे शाफ्ट, त्यांना जोडणारे आडवे बोगदे, बोगद्यांना फुटलेले फाटे. या पोकळीत सतत पाणी झिरपते. ते उपसले नाही तर खाण बुडते. म्हणून नदीचे पाणी वळवून फिरणारी प्रचंड लाकडी चाके बसवलेली असत. त्यांतल्या एका चाकाचा व्यास त्याने ३६ फूट दिला आहे. हवा आत ढकलायला भाते आणि पंखे होते. हवा कोंडली की दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो, हे कामगारांना अनुभवाने माहीत होते. अ‍ॅग्रिकोलाने ते यंत्रांच्या आकृत्यांसह लिहून ठेवले.

कामाच्या पाळ्याही त्याने नोंदल्या आहेत. दिवसाच्या तीन पाळ्या, प्रत्येक सात तासांची. एका माणसाने लागोपाठ दोन पाळ्या करू नयेत, कारण थकलेला माणूस खाली झोपी जातो.

या ग्रंथाच्या सहाव्या भागात काही पाने खाणकामगारांच्या आजारांची आहेत. माझ्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथातली सर्वांत मोलाची पाने तीच. त्यातला सारांश असा :

- ज्या खाणी ओल्या असतात, तिथे थंड पाण्यात उभे राहून सांधे धरतात.
- ज्या खाणी कोरड्या असतात, तिथली धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात जाते आणि धाप लागते. धूळ बोचरी असेल तर ती फुफ्फुसे पोखरते आणि माणूस क्षय झाल्यासारखा झिजत जातो.
- एक विशिष्ट खनिज हातापायांची कातडी खाते आणि फुफ्फुसांना व डोळ्यांना इजा करते.
- दगड तडकवण्यासाठी खाणीत आग लावतात, तेव्हाचा धूर विषारी असतो.

कार्पेथियन डोंगरातल्या खाणींबद्दल त्याने एक नोंद केली आहे. तिथे अशा बायका आहेत की ज्यांची एकामागून एक सात लग्ने झाली, कारण प्रत्येक नवरा अशाच धुळीच्या आजाराने अकाली गेला. आज रोगाचा प्रसार मोजायला आपल्याकडे तक्ते आणि आकडे असतात. अ‍ॅग्रिकोलाने तो विधवांवरून मोजला.

उपायही त्याने सांगितले : पायात कच्च्या कातड्याचे उंच बूट, कोपरापर्यंत हातमोजे, आणि तोंडावर सैल कापड, म्हणजे धूळ श्वासात आणि डोळ्यांत जाणार नाही.

त्या धुळीत काय असते?

अ‍ॅग्रिकोलाला जे दिसले त्याची कारणे आता आपल्याला माहीत आहेत. दगड फोडताना, भोके पाडताना किंवा घासताना सिलिका नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण उडतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुधा नाकाघशात अडकते आणि शिंक-खोकल्याबरोबर बाहेर पडते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज येईल.

तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहारा देतात. जंतू आला की त्या त्याला गिळून पचवतात. सिलिकाचा कण त्या गिळतात, पण तो पचत नाही. पेशीच मरते. कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या सततच्या दाहामुळे फुफ्फुसात गाठी आणि कडक व्रण तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. कोळशाच्या धुळीने होणारा तसाच आजार म्हणजे कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस. कोळसा खाणीत दगडाला भोके पाडणाऱ्यांना दोन्ही प्रकारची धूळ मिळते.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा :

१. बहुतेकांना हा आजार दहा किंवा अधिक वर्षे धुळीत काम केल्यानंतर दिसतो. धूळ फारच जास्त असेल तर त्याआधीही होतो.

२. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, म्हणजे खाणीचा संबंध संपला, असे होत नाही.

३. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग, म्हणजे टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. अ‍ॅग्रिकोलाने क्षय म्हणून जे वर्णन केले त्यात दोन्ही आजार मिसळलेले असावेत.

हा आजार फक्त खाणीत होतो असेही नाही. दगडखाण, क्रशर, फरशी कापणे, फाउंड्री, वाळूच्या झोताने धातू घासणे, या सगळ्या कामांत सिलिका असते. मध्य प्रदेशातील मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांमध्येही सिलिकोसिस आढळला होता.

डॉक्टर, महापौर आणि खाणीचा भागीदार

अ‍ॅग्रिकोला नुसता दयाळू वैद्य होता असे सांगून थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. योआखिमस्टालजवळच्या एका चांदीच्या खाणीत त्याचा हिस्सा होता. तिचे नाव देवाची देणगी अशा अर्थाचे होते. त्या खाणीने त्याला चांगला पैसा दिला, आणि ते त्याने लपवून ठेवले नाही.

ग्रंथाच्या पहिल्या भागात तो खाणींविरुद्धच्या तक्रारी मांडतो. शेते उद्ध्वस्त होतात. लाकडासाठी जंगले तुटतात. जंगले गेली की पशुपक्षी जातात. खनिज धुतलेले पाणी ओढ्यांत सोडले की ओढे आणि नद्या विषारी होतात, मासे मरतात किंवा निघून जातात. आज एखाद्या ग्रामसभेत लोक ज्या तक्रारी करतील, जवळपास त्याच. म्हणजे १५५० च्या सुमारासही हे सर्वांना दिसत होते.

मग तो या तक्रारींना उत्तर देतो. खाणी बहुधा नापीक डोंगरात असतात, त्यामुळे शेतीचे नुकसान थोडे. धातू विकून आलेल्या पैशात पक्षी आणि मासे दुसरीकडून विकत घेता येतात. धातू नसतील तर माणूस जनावरांसारखा जगेल. अपघातांबद्दल तर तो म्हणतो की ते क्वचित होतात, आणि जिथे कामगार निष्काळजी असतात तिथेच होतात.

शेवटचे वाक्य वाचताना मी थबकतो, कारण ते मी अजून ऐकतो. मास्क दिला होता, यानेच घातला नाही. पाणी मारायला सांगितले होते, यानेच मारले नाही. सात नवरे गेलेल्या बाईची नोंद करणारा माणूस असे कसे लिहू शकला? त्याचे उत्तर त्याच्या भागीदारीत आहे की त्या काळाच्या समजुतींत, हे आता ठरवता येणार नाही. पण आपल्या बाजूच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्याने गाळला नाही. मेलेले मासे आणि गेलेले नवरे, दोन्ही त्याच्याच पुस्तकात आहेत. म्हणूनच आज आपण त्याच्याशी वाद घालू शकतो.

मास्कबद्दल मात्र एक सांगितले पाहिजे. अ‍ॅग्रिकोलाचे सैल कापड किंवा आपला रुमाल-गमछा सिलिकाचे बारीक कण अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो. आणि मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी पाणी मारून धूळ उडूच न देणे आणि हवा खेळती ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

शेवटची वर्षे

केम्निट्झमध्ये तो चार वेळा महापौर झाला. सुधारणावादी प्रोटेस्टंट शहरात तो जुन्या कॅथलिक पंथाचा राहिला, तरी त्याला हे पद मिळाले. १५५२-५३ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. साठीच्या जवळ आलेला हा डॉक्टर रोग्यांत वावरत राहिला आणि त्या अनुभवावर त्याने प्लेगविषयी एक पुस्तक लिहिले. ते १५५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखित तोवर स्वित्झर्लंडमधील बासेलच्या छापखान्यात जाऊन पडले होते. लाकडी ठसे कोरायला वेळ लागत होता. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी अ‍ॅग्रिकोला वारला. ज्या शहराची त्याने सेवा केली, तिथल्या प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी त्याला चर्चमध्ये पुरू दिले नाही. शव काही दिवसांनी दूरच्या झाइट्झ गावी नेऊन तिथल्या कॅथीड्रलमध्ये दफन करण्यात आले. पुढच्या वर्षी, १५५६ मध्ये, ग्रंथ छापून बाहेर पडला. तो त्याला हातात घेता आला नाही.

पुढची जवळपास दोन शतके खाणकामाचा तो मुख्य ग्रंथ होता. १९१२ मध्ये हर्बर्ट हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हे हूव्हर खाण अभियंता होते. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

खाण संपली, पण पाणी संपले नाही

अ‍ॅग्रिकोलाच्या डोंगरांची गोष्ट त्याच्याबरोबर संपली नाही.

योआखिमस्टालच्या खाणीत चांदीबरोबर एक काळा जड दगड निघे. त्याचा उपयोग कळत नसल्याने तो बाजूला टाकला जाई. तो युरेनियमचे खनिज होता. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध जाहीर केला, आणि पुढे ते वेगळे काढण्यासाठी त्यांनी याच गावातून या खनिजाचा चोथा टनांनी मागवला.

जवळच्याच श्नेबेर्गच्या खाणकामगारांना अ‍ॅग्रिकोलाच्या काळापासून एक डोंगरी आजार म्हणून ओळखली जाणारी फुफ्फुसाची व्याधी होत असे. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी दाखवले की तिथल्या खाणकामगारांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश फुफ्फुसातल्या कर्कगाठीमुळे होतात. पुढे कारण कळले : रेडॉन. युरेनियमपासून निघणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तो बंदिस्त बोगद्यात साठतो आणि श्वासातून आत गेल्यावर फुफ्फुसात किरणोत्सर्ग करतो. अ‍ॅग्रिकोलाचा अकाली मरणारा कामगार काही वेळा सिलिकोसिसने, काही वेळा टीबीने आणि काही वेळा कर्करोगाने गेला असावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगरांत अणुबॉम्बसाठी युरेनियम खणले गेले. बोहेमियाच्या बाजूला १९४९ ते १९६१ या काळात राजकीय कैद्यांकडून हे काम करून घेतले. सॅक्सनीच्या बाजूला विस्मुट नावाच्या कंपनीने १९९० पर्यंत सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम काढले. काही शाफ्ट सुमारे १८०० मीटर खोल गेले. हजारो कामगारांना सिलिकोसिस आणि फुफ्फुसाचा कर्करोग झाला. खाणी बंद झाल्यावर शाफ्ट बुजवणे, ढिगारे झाकणे आणि पाणी शुद्ध करणे यावर जर्मन सरकारने आतापर्यंत ६ अब्ज युरोंहून अधिक खर्च केला आहे. काम अजून चालू आहे, आणि ते करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय केम्निट्झमध्ये आहे, जिथे अ‍ॅग्रिकोला महापौर होता.

बंद खाण इतकी वर्षे का त्रास देते, हे समजून घ्या. जमिनीखालच्या दगडात गंधकयुक्त खनिजे लाखो वर्षे हवेपासून दूर झाकलेली असतात. बोगदे खणले की त्यांना हवा आणि पाणी लागते. त्यातून गंधकाम्ल तयार होते. हे आम्लयुक्त पाणी दगडातले जस्त, कॅडमियम, शिसे, आर्सेनिक विरघळवते. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. खाण बंद झाली, पंप थांबले, की पोकळी पाण्याने भरते आणि ते पाणी कुठून तरी बाहेर पडते. बोगदे जितके लांब, तितका पाण्याला लागणारा उघडा दगड जास्त.

केम्निट्झजवळच्या फ्रायबर्गमध्ये खाणींचे पाणी काढण्यासाठी १८४४ ते १८७७ अशी तेहतीस वर्षे खपून एक निचऱ्याचा बोगदा खणला. फाट्यांसह त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर आहे. फ्रायबर्गची खाण १९६९ मध्ये बंद झाली. बोगदा आजही वाहतो आहे, आणि त्या पाण्याबरोबर जस्त आणि कॅडमियम ओढ्यातून एल्बे नदीत जाते. ज्यांनी ती चांदी वापरली ते सगळे केव्हाच गेले.

तुम्ही काय करावे?

महाराष्ट्रात चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाच्या, तर भंडारा-नागपूर भागात मँगनीजच्या भूमिगत खाणी आहेत. काही चालू, काही बंद. तुम्ही तिथे काम केले असेल, तुमचे वडील किंवा सासरे तिथून निवृत्त झाले असतील, किंवा तुम्ही नुसते शेजारी राहत असाल, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

डॉक्टरांना कामाचा इतिहास स्वतःहून सांगा. एका कागदावर लिहून न्या : कोणते काम, किती वर्षे, खाली की वर, धूळ किती असायची, काम सोडून किती वर्षे झाली. ड्रिलर, लोडर, क्रशर ऑपरेटर असा कामाचा नेमका प्रकार लिहा. नुसते खदानीत होतो म्हणून भागत नाही, कारण ऑफिसात बसणारा आणि ड्रिल चालवणारा यांच्या फुफ्फुसांत फरक असतो.

ही लक्षणे वयावर ढकलू नका. चढ चढताना वाढत जाणारी धाप आणि बरेच दिवस न जाणारा कोरडा खोकला याची तपासणी करा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असेल तर लगेच टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणे. जुने एक्स-रे फेकू नका. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा शेजारी ठेवून पाहिले की निदान सोपे जाते. एक्स-रेमधले सिलिकोसिसचे डाग टीबीसारखे दिसू शकतात, त्यामुळे काही रोग्यांना विनाकारण पुन्हा पुन्हा टीबीची औषधे दिली जातात. डॉक्टरांना कामाचा इतिहास माहीत असेल तर ही चूक टळू शकते.

विडी-सिगारेट सोडा. धूळ आणि धूर मिळून नुकसान कितीतरी वाढवतात. रेडॉन आणि धूम्रपान एकत्र आले तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

सिलिकोसिस बरा होत नाही, हे खरे आहे. झालेले व्रण पुसणारे औषध नाही. पण धुळीपासून दूर जाणे, टीबी वेळेत ओळखणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेणे, श्वासाचे व्यायाम आणि गरज असेल तेव्हा ऑक्सिजन, यांनी माणूस जास्त वर्षे आणि जास्त बरे जगतो. हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याने नोंदवायचा असतो आणि त्यासाठी नुकसानभरपाई मिळू शकते. म्हणून निदान कागदावर स्पष्ट लिहून घ्या.

पाणी उकळणे पुरेसे नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. तुरटी फिरवूनही पाणी धातूमुक्त झाल्याची खात्री देता येत नाही. बंद खाणीतून झिरपणारे पाणी, तांबूस-पिवळट ओढा किंवा ढिगाऱ्याच्या पायथ्याची विहीर पिण्यासाठी वापरू नका. ग्रामपंचायतीला सांगून विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, आणि धातूंसाठी तपासणी हवी असे स्पष्ट लिहा. नेहमीच्या चाचणीत सगळे धातू पाहिले जात नाहीत.

पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यांत मुलांना पोहू देऊ नका, आणि बंद बोगद्यात कोणीही शिरू नये. दिवा विझवणारी कोंडलेली हवा आजही तिथे असते.

तुमचा पुढचा खोकल्याचा रोगी घरातला असो किंवा शेजारचा, त्याच्याबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा : हे पूर्वी अमुक काम करत होते. माझ्या त्या निवृत्त रोग्याच्या पत्नीने हेच केले. टीबीची तपासणी वेळेत झाली, उपचार लागू पडले, आणि ते अजून दर महिन्याला दवाखान्यात येतात. धाप आहेच. पण पायऱ्या सावकाश चढून येतात, आणि येताना जुने एक्स-रे पिशवीत घालून आणतात.